निळ्या घरातली आई

"आधी आईला विचार," असं फर्निचरच्या दुकानातला विक्रेता म्हणाला, आणि भिंगरीनं जराही न अडखळता मान वळवून विचारलं, "आई, घेऊ?"

विक्रेत्यानं पुढं केलेल्या काचेच्या बशीत रंगीत कागदातल्या गोळ्या होत्या, गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी ठेवतात तशा. भिंगरीच्या मागं तिचा धाकटा भाऊ, बोका, हात पाठीशी बांधून उभा होता. बहिणीला मिळालेली परवानगी ती आपलीही, हे त्याला सहाव्या वर्षापर्यंत पाठ झालं होतं. सोफ्यावर बसलेली त्यांची आत्या 'घे' म्हणाली. म्हणजे म्हणाली असणार, कारण मुलांनी गोळ्या घेतल्या, कागद सोलले आणि विक्रेता हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. तिला स्वतःला मात्र आपला आवाज ऐकू आला नाही. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं होतं. ती पोरीकडं बघत राहिली. पोरगी गोळी या गालातून त्या गालात ढकलत होती. खोटं बोलल्याचं, चुकल्याचं किंवा गंमत केल्याचंसुद्धा तिच्या तोंडावर काही नव्हतं. रस्त्यात कुणी वेळ विचारली आणि आपण सांगितली, इतकंच. विक्रेता लांब गेल्यावर आत्यानं हळूच म्हटलं, अगं, मी आत्या ना? तेव्हा भिंगरी म्हणाली की ते माहितेय, पण त्या काकांना सगळं कशाला समजावत बसायचं.

सगळं म्हणजे पुष्कळ होतं. आत्या एका डेंटल लॅबमध्ये कामाला होती, माणसांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण वितळवून त्या जागी पक्का माल भरायचा. मेण मोठं लहरी. उन्हाळ्यात दुपारी ते बोटांतच मऊ पडतं, बसवलेला दात केसभर सरकतो आणि तेवढ्यानं कुणाचं तरी तोंड पुढं वर्षानुवर्षं नीट मिटत नाही. म्हणून ऊन तापायला लागलं की लॅब भल्या सकाळी उघडायची आणि जेवणाच्या वेळेला बंद व्हायची. वर्षातले एवढेच दिवस तिची दुपार तिची असायची, आणि नेमकी तेव्हाच तिच्या भावाच्या मुलांना सुट्टी असायची. भाऊ सतत फिरतीवर. वहिनी सहली नेणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत, म्हणजे जगाला सुट्टी लागली की हिला मान वर करायला सवड नाही. त्यांचं घर गच्चीच्या बरोबर खाली. दुपारी भिंतीला पाठ टेकवत नसे आणि पंखा नुसती गरम हवा ढवळत राही. मुलांना दुपारी जरा कुठंतरी थंड ठिकाणी नेता येईल का, असं वहिनीनं पहिल्या वर्षी अडलेल्या आवाजात विचारलं होतं आणि आत्यानं 'बघते' म्हणून सांगितलं होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. पण लगेच हो म्हटलं असतं तर आपण वाटच बघत होतो असं दिसलं असतं. सगळं शहर उन्हाच्या नावानं बोटं मोडत असताना, हवामानाचा अंदाज ऐकून 'राहू दे अजून थोडे दिवस' असं मनात म्हणणारी ती एकटीच असावी.

थंड जागा हुडकून काढण्यात ती तरबेज झाली होती. पैसे न देता जिथं बसता येईल आणि उठा म्हणायला कुणी येणार नाही, अशा जागा शहरात वाटतात त्याहून कमी निघतात. वाचनालय थंड होतं, पण तिथं बोक्याच्या श्वासालासुद्धा लोक माना वर करून बघायचे. संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ होता. त्याचा एक काचेचा डोळा खोबणीत जरा फिरलेला होता, त्यामुळं तो कुठूनही पाहिलं तरी बोक्याकडंच बघायचा. एका मोठ्या रुग्णालयाच्या दालनात ते काही दिवस बसले. खुर्च्या मऊ, हवा गार, मासे ठेवलेली काचेची पेटी. मग एक दिवस बोक्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की आत्या, आपलं कोण आजारी आहे? शेजारच्या बाईनं कळवळून तिच्या हातावर हात ठेवला. त्या हाताची ऊब तिला घरी जाईपर्यंत जाणवत राहिली, आणि त्या ठिकाणी ती मुलांना पुन्हा घेऊन गेली नाही. उसनी कणव घेतल्यासारखं वाटत होतं. मग हे दुकान सापडलं. मजल्यामागून मजले फर्निचर, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावर नमुन्याची घरं मांडलेली. तीन भिंतींची घरं, चौथी बाजू गिऱ्हाइकांसाठी उघडी. मुलांनी त्यांतलं कोपऱ्यातलं, निळ्या भिंतींचं घर पहिल्याच दिवशी आपलं करून टाकलं. तिथला दूरदर्शन संच पुठ्ठ्याचा होता. पुस्तकांना नुसत्या पाठी होत्या, आत पानं नव्हती. नळाला पाणी नव्हतं. जेवणाच्या टेबलावर वाडग्यात प्लास्टिकची सफरचंदं होती. खिडकीत झाडांचं चित्र होतं आणि त्यामागं दिवा, त्यामुळं तिथं कायम सकाळचे आठ वाजल्यासारखं वाटायचं. भिंगरी कपाटांचे खण उघडून मिटून बघायची, बोका पलंगाखाली गुहा करायचा, आणि आत्या सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायची. आता कुणी हाकलेल, मग हाकलेल, असं सुरुवातीला तिला वाटत राहायचं. कुणी हाकललं नाही. गोळ्यांची बशी पुढं करणारा त्या मजल्यावरचा म्हातारा विक्रेता उन्हाळ्यातही गळ्यात टाय बांधायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव टायवाला ठेवलं होतं. त्यानंच एकदा येऊन, बसा, निवांत बसा, असं सांगितलं. रिकाम्या घरात गिऱ्हाईक नुसतं किंमत बघून पुढं जातं, म्हणाला, पण आत माणसं बसलेली दिसली की थांबतं. त्यालाही वाटतं आपलंही असं असावं.

आणि ते खरं होतं. नवीन लग्न झालेली जोडपी, घर बदलणारी माणसं फिरत फिरत कोपऱ्यापर्यंत यायची आणि निळ्या घराच्या कडेला, जिथं दुकानाची फरशी संपून घराचा गालिचा सुरू व्हायचा तिथं, थबकायची. त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. कुणाच्या तरी घरात डोकावल्यासारखी ती संकोचून हसायची, आणि आत्या वर्तमानपत्रावरून नजर उचलून मान हलवायची. या, बघा, असं. सोफ्यावर बाई, पलंगाखालून बाहेर आलेले दोन पाय, आरशासमोर वेण्या सोडून बांधणारी मुलगी. गिऱ्हाइकं गेली की आत्याला वाटायचं, या लोकांनी आत्ता जे पाहिलं ते आपण कधीच पाहिलेलं नाही. आपण त्यात होतो, म्हणून.

गोळ्यांच्या त्या दुपारनंतर भिंगरीनं नियमच करून टाकला. खालच्या काचेच्या दाराच्या आत आई, बाहेर आत्या. नियम कुणी बोलून ठरवला नव्हता, पण मुलं तो असा पाळत होती की मोठ्या माणसांना पाळता येऊ नये. दार आपोआप बाजूला सरकायचं, गार हवा तोंडावर यायची आणि बोका म्हणायचा, आई, आज मी पलंगावर झोपणार. परतताना दार सरकायचं, रस्त्याची धग पायांना लागायची आणि तोच बोका म्हणायचा, आत्या, पाणी. मध्ये एकही पाऊल वाकडं पडायचं नाही. चुकली ती एकदा आत्याच. बसथांब्यासमोर रस्ता ओलांडताना बोका हात सोडून पुढं धावला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, आईचा हात धर. बोका थांबला. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई इथं नाहीये, आत्या." ती म्हणाली, हो रे, चुकलंच. त्यानं तिचा हात धरला. रस्ता ओलांडून होईपर्यंत तिला बोक्याच्या तळव्याचा घाम आणि आपला घाम वेगवेगळा ओळखता येत होता.

तिच्या खोलीत एक पलंग होता, तो तिच्या आईचा. आई जाईपर्यंत तिला ती वर्षानुवर्षं सांभाळत होती. त्या वर्षांत लग्नासाठी तिला पाहायला माणसं आली आणि गेली, पुढं यायची थांबली, आणि थांबली हेही तिच्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं. कुणी अन्याय केला नव्हता. एकदाही दार धाडकन बंद झालं नव्हतं. वारं पडलं की कळतंय थोडंच, मग कधीतरी पडद्याकडं लक्ष जातं. आई जिभेची तिखट, पण तिचा अभिमान लपायचा नाही. दात कोरून कुणाचं पोट भरत नाही म्हणतात, ती शेजारणींना सांगायची, माझ्या पोरीचं भरतं. आईचे दात गेले तेव्हा कवळी अर्थातच हिनंच केली. असं काम तिनं आधी आणि नंतर कधी केलं नाही. दोन दातांत मुद्दाम किंचित फट ठेवली, एक दात जरासा तिरपा, आईचा होता तसाच. आईनं कवळी बसवली, आरशात पाहिलं, खाऊन पाहिलं. झकास झालीय, म्हणाली. मग हसून पाहिलं आणि आरसा खाली ठेवला. म्हणाली, बसलीय अगदी छान, पण हसले की कुणीतरी दुसरीच हसते. आता दुपारी निळ्या घरात 'आई' अशी हाक आली आणि आपण 'काय रे' म्हणून गेलो की तिला ते आठवायचं. हाक बसत होती अगदी छान. कुठं टोचत नव्हती. तेच भीतीचं होतं. कवळी टोचत नसली की माणसं ती काढायची विसरतात, तोंडात ठेवूनच झोपतात, आणि मग हिरड्या बिघडतात. हे ती दवाखान्यांतून परत आलेल्या साच्यांवरून सांगू शकत होती. वहिनीला सांगून टाकावं, असं ती रोज मुलांना घरी सोडताना ठरवायची. हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. पहिल्या दिवशी सांगितली असती तर वहिनी हसलीही असती. पण पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि न सांगितल्यामुळंच ती सांगण्यासारखी राहिली नाही.

मग एका दुपारी वहिनीच्या कचेरीतली संगणक यंत्रणा बंद पडली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. आत्या मुलांना घ्यायला गेली तेव्हा वहिनी पायांत चपला अडकवून तयार होती. म्हणाली, ताई, आज मीही येते, बघू तरी तुमचा दरबार कुठं भरतो ते. संग्रहालयात जाऊ या का, असं आत्यानं विचारलं, वाघ तिला बघायचा असेल म्हणून. बोका म्हणाला, वाघ नको, निळ्या घरात. बसमध्ये वहिनी खिडकीशी बसून डोळे मिटून होती, मुलं तिच्या दोन्ही बाजूंना रेलली होती. आत्या पुढच्या बाकावर पाठमोरी. सांगायला पुष्कळ वेळ होता. तिनं वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. मुलांना कोपऱ्यात घेऊन 'आज नको हं' असं सांगावं असंही वाटलं, पण नको म्हणायचं तर कशाला नको ते सांगावं लागलं असतं, आणि मुलांना आजवर जी नुसती सोय वाटत होती तिची चोरी झाली असती. बस थांबली, सगळी उतरली. दार बाजूला सरकलं, गार हवा आली. बोक्यानं तोंड उघडलं, आत्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि मिटलं.

टायवाला नेहमीसारखा पुढं आला. आज बरोबर पाहुण्या दिसतात, असं त्यानं आत्याला म्हटलं, आणि वाकून भिंगरीला विचारलं, या कोण तुमच्या? भिंगरी दोघींच्या मध्ये उभी होती. तिनं एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. गणित सोडवताना दिसायची तशी तिच्या कपाळावर एक रेघ उमटली. मग तिनं आपला हात वहिनीच्या हातात सरकवला, घट्ट धरला आणि म्हणाली, "ही आमची आत्या."

वहिनीनं मान वळवून आत्याकडं पाहिलं. रागानं नाही. घरातल्या भिंतीवर कधी न दिसलेला दरवाजा दिसला तर माणूस बघेल, तसं. आत्याला वाटलं, आता हे संपेल, आणि संपणार म्हणून तिला सुटल्यासारखंही वाटलं. पण वहिनी टायवाल्याकडं वळली आणि तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हो, मी आत्या. लाड करायला आलेय. धाक लावायला आई आहेच की."

टायवाला हसला. मग सगळं रोजच्यासारखंच झालं, आणि रोजच्यासारखं झालं हेच सोसवेना. आत्या सोफ्यावर, तिच्या जागी. वहिनी जेवणाच्या टेबलाशी, पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर टेकलेली, पर्स मांडीवर. तिनं पुठ्ठ्याचा दूरदर्शन पाहिला, पानं नसलेली पुस्तकं पाहिली, वाडग्यातल्या सफरचंदाला नख लावून पाहिलं. छान आहे हो घर, म्हणाली. दुधाची तहान ताकावर, पण ताक गार आहे. एक जोडपं कडेशी येऊन थबकलं, त्यांनी आवाज खाली आणला, आणि आत्यानं सवयीनं मान हलवली. या, बघा. वहिनीनं ती मान हललेली पाहिली.

बोक्याचा खालचा एक दात हलत होता. आत्या रोज बोटाच्या टोकानं तो तपासायची आणि भाकीत करायची, अजून आठवडाभर तरी नाही. दातांच्या बाबतीत तिचं सहसा चुकत नसे. आज बोक्याला आईसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं, पण तिला हाक कोणती मारायची ते त्याला कळेना. म्हणून त्यानं कुणालाच हाक मारली नाही. "बघ हं," एवढंच म्हणाला, वाडग्यातलं प्लास्टिकचं सफरचंद उचललं आणि राक्षसासारखा त्याचा कडकडून चावा घेतला. दात सफरचंदातच राहिला. बोक्यानं तो तिथं रुतलेला पाहिला, ओठावरून हनुवटीवर आलेलं रक्त बोटाला लागलेलं पाहिलं, आणि ओरडला, "आई!"

आत्या उठलेली होती. हाक पुरी व्हायच्या आधीच ती उठली होती, वर्तमानपत्र खाली पडलं होतं, हात पुढं झाले होते, आणि ती गुडघ्यावर बसत होती. बोका धावला. तो थेट तिच्या रोखानं आला, इतका जवळ की त्याच्या केसांचा घामट वास तिला आला, आणि तिच्या हाताखालून, एखाद्या खुर्चीला वळसा घालावा तसा, पुढं गेला. मागं टेबलाशी वहिनी खुर्चीवरून उठलीसुद्धा नव्हती. तिला उठावं लागलं नाही. बोक्यानं तिच्या मांडीवरच्या पर्सवर तोंड खुपसलं, आणि तिनं त्याचं डोकं धरून, काही नाही झालं, काही नाही, असं पुटपुटायला सुरुवात केली. आत्याचे हात अजून तसेच होते. ते परत जागेवर आणायला तिला काहीतरी निमित्त हवं होतं. तिनं जमिनीवर पडलेलं सफरचंद उचललं. दात बाहेर काढला, सवयीनं उजेडाकडं धरून पाहिला. मूळ पूर्ण विरघळलेलं, काठ स्वच्छ. तिचा अंदाज चुकला होता, तो खरोखरच आज पडणार होता. तिनं तो रुमालात गुंडाळला. टायवाला पाण्याचा पेला घेऊन धावत आला होता. पोराला वहिनीच्या कुशीत पाहून तो आत्याकडं वळला आणि तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आत्याचा लळा जास्त दिसतो."

"हो," ती म्हणाली, "पहिल्यापासून."

परतीच्या बसमध्ये बोका आईच्या मांडीवर झोपला. वहिनी तिला नेहमी ताई म्हणायची. वन्सं हा शब्द ती फक्त चेष्टेत वापरायची, सणसणीत टोमणा मारायचा असेल तेव्हा. आज ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वन्सं, कधीपासून चाललंय हे?" आणि आवाजात चेष्टा नव्हती. आत्या काही बोलायच्या आत भिंगरी म्हणाली की ते फक्त दाराच्या आत असतं, बाहेर कधीच नाही, हवं तर बोक्याला विचार. वहिनी म्हणाली, बरं. बाहेर रस्ता पांढरा पडला होता. आत्याला वाटत होतं, वहिनीनं चार शब्द ऐकवावेत. तोंड टाकावं, भावाला सांगेन म्हणावं, तुम्हाला हे शोभतं का असं विचारावं. त्याला उत्तर देता आलं असतं. पण वहिनीनं फक्त हात पुढं केला.

"तो दात द्या."

आत्यानं रुमाल उलगडून दात तिच्या तळहातावर ठेवला. वहिनीनं तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, चेन ओढली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला राग आला असावा. म्हणाली की हा दात पडलेला आपल्याला बघायचा होता. भिंगरीचा पहिला पडला तेव्हाही आपण कामावर होतो, आज योगानं बरोबर होतो, आणि तेव्हाही त्या माणसासमोर आपण कोण होतो, तर आत्या. मग आवाज सारखा करून तिनं सांगितलं, की उद्यापासून थोडे दिवस मुलं कचेरीच्या मागच्या खोलीत बसतील, साहेबांना विचारते, पंखा आहे तिथं. नंतरचं नंतर बघू. "तुम्हालाही जरा आराम," असं ती शेवटी म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. उतरताना भिंगरीनं मागं वळून हात हलवला. येते हं, आत्या. नियमाप्रमाणं. ते बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी लॅब बंद झाली तेव्हा ऊन आदल्या दिवसापेक्षा चढलेलं होतं. घरी जायला हरकत नव्हती. तिच्या खोलीत पडदे ओढले की तितकंसं तापत नसे. बस आली, ती चढली, आणि उतरली तेव्हा समोर काचेचं दार होतं. ते बाजूला सरकलं. वरच्या मजल्यावर निळ्या घरात सगळं जागच्या जागी होतं. सफरचंदं कुणीतरी पुसून ठेवलेली. एका सफरचंदाची चावलेली बाजू भिंतीकडं वळवलेली. खिडकीत सकाळचे आठ. ती सोफ्यावर बसली, वर्तमानपत्र उघडलं. थोड्या वेळानं एक तरुण जोडपं आलं. गालिचाच्या कडेशी ते थबकले नाहीत, आवाजही खाली आला नाही. सरळ आत आले. त्यानं कपाटाचा खण ओढून पाहिला, तिनं पलंगावर हात दाबला, मग सोफ्याशी येऊन आत्याच्या शेजारची उशी दाबून पाहिली आणि विचारलं, तुम्ही घेताय का हा? नसाल तर जरा उठता का, आम्हाला बसून बघायचंय. आत्या उठली. कुठं उभं राहावं ते न कळून टेबलाशी गेली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली, पर्स मांडीवर घेऊन. काल वहिनी जिथं टेकली होती तिथं. जोडपं गेलं. टायवाला बशी घेऊन आला, इकडंतिकडं पाहिलं, पलंगाखाली वाकूनसुद्धा पाहिलं.

"मुलं कुठंत?" त्यानं विचारलं.

"आत्याकडं गेलीत," ती म्हणाली. "सुट्टीत तिकडंच असतील."

टायवाल्यानं मान डोलावली. आत्या म्हटली की पोरं सुटतात, म्हणाला, पण बरं झालं, तेवढीच तुम्हाला उसंत. त्यानं बशी पुढं केली. तिनं एक गोळी घेतली, कागद न सोलता मुठीत धरली, आणि हो म्हणाली.